शंका-समाधान : कर्नल नवं, गाडी अडलेली

या वेळच्या बहुतेक पत्रांतली तक्रार एकाच जातीची आहे : लिनक्सचं कर्नल बदललं आणि काहीतरी अडलं. उत्तरं डेबियन-उबुंटू वापरणाऱ्यांना धरून दिली आहेत.

शंका : शाळेतल्या संगणकावर डेबियन आहे. अपडेटनंतर तो सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ असं येऊन थांबतो. मुलांचे प्रकल्प गेले का?
— संगणक शिक्षिका, सांगली

समाधान : घाबरू नका. कर्नल डिस्कपर्यंत पोचलंच नाही, तर तिथलं बिघडवणार काय?

डिस्क आणि फाइलसिस्टमचे ड्रायव्हर बऱ्याचदा कर्नलच्या पोटात नसतात. ते मॉड्यूल म्हणून त्याच डिस्कवर, ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये असतात. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच! म्हणून गरजेपुरती मॉड्यूल्स भरलेली एक वेगळी फाइल लागते. तीच बूट इमेज, अर्थात इनिटरॅमएफएस. ग्रब ती कर्नलबरोबरच मेमरीत आणून ठेवतो. तुमच्या संदेशातलं (०,०) सांगतं की कर्नलला एकही डिस्क दिसली नाही. याचा अर्थ बहुधा नव्या कर्नलची इमेज तयारच झालेली नाही.

संगणक सुरू होताना ग्रबच्या यादीतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा आणि जुन्या कर्नलनं आत शिरा. ‘/बूट’मध्ये पाहा : प्रत्येक ‘व्हीएमलिनुझ’ फाइलला त्याच आवृत्तीची ‘इनिटआरडी.आयएमजी’ जोडीदार हवी. नसेल तर आधी जागा शिल्लक आहे का ते तपासा, मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती, अशी आज्ञा द्या. शेवटी ‘अपडेट-ग्रब’. कर्नल, मॉड्यूल्स आणि इमेज हा एकाच आवृत्तीचा संच आहे. त्यातलं एक जरी मागं राहिलं तरी गाडी अडते.

शंका : ‘/बूट’चं पार्टिशन जेमतेम ५०० एमबीचं आहे आणि ते भरलं आहे. जुन्या फायली हातानं उडवल्या तर चालेल?
— छोट्या छापखान्याचे चालक, इचलकरंजी

समाधान : हातानं उडवू नका. पॅकेजच्या नोंदीत ते कर्नल ‘आहे’ असंच राहील आणि ग्रबच्या यादीत मेलेली नोंद लोंबकळत राहील. आधी ‘यूनेम -आर’ देऊन सध्या कोणतं कर्नल चालू आहे ते बघा. तेही ठेवा आणि चाललेलं एक आधीचंही ठेवा. बाकीची ‘एपीटी पर्ज’नं काढा. एक सावधगिरी : आवृत्ती क्रमांक नसलेलं ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ हे पॅकेज काढू नका. त्याच्याच मागोमाग पुढची कर्नलं येतात. ते गेलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्या गुपचूप थांबतील.

नवी इमेज आधी ‘.न्यू’ नावानं लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच जुनीची जागा घेते. म्हणून काही काळ दोन्हींपुरती जागा लागते. डेबियन १३वर जाणार असाल, तर ‘/बूट’ किमान ७६८ एमबीची आणि त्यातली सुमारे ३०० एमबी मोकळी असावी, असं त्यांच्याच सूचनांत आहे. तुमचं पार्टिशन आधी वाढवावं लागेल.

इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ऐवजी ‘डेप’ केलं की इमेज बारीक होते, कारण त्याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर तेवढे भरले जातात. पण उद्या तीच डिस्क दुसऱ्या संगणकात लावली, तर ती बूट होईलच असं नाही.

शंका : डेबियनची कॉन्फिग फाइल घेऊन ६.१२ कर्नल स्वतः कंपाइल केलं. सगळं झालं, पण बूट इमेज कित्येक पटींनी फुगली. कुठं चुकलं?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

समाधान : ‘/बूट’मधली कॉन्फिग ‘.कॉन्फिग’ म्हणून घेऊन ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ केलंत, ते योग्यच. पण त्या कॉन्फिगमध्ये डीबगची माहिती चालू असते. ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ करताना ती प्रत्येक मॉड्यूलला चिकटून इमेजमध्ये गेली. हीच आज्ञा ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ जोडून पुन्हा द्या आणि मग इमेज नव्यानं करा. त्याहून बरं म्हणजे ‘मेक बिनडेब-पीकेजी’. कर्नलचं रीतसर पॅकेज मिळतं, पुढे काढून टाकणंही सोपं जातं.

कुणी ‘लोकलमॉडकॉन्फिग’ सुचवेल. त्यानं काम झपाट्यानं उरकतं, कारण त्या क्षणी लोड झालेलीच मॉड्यूल्स ठेवली जातात. ते वापरण्याआधी पेनड्राइव्ह, वेबकॅम, प्रिंटर सगळं जोडा. जे जोडलेलं नाही, त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये नसेल.

शंका : नव्या कर्नलनं लॅपटॉप उत्तम सुरू होतो, फक्त वाय-फाय गायब. जुन्या कर्नलवर मात्र चालतं.
— निवृत्त बँक अधिकारी, पणजी

समाधान : जुन्यावर चालतं म्हणजे कार्ड शाबूत आहे. तुमचा वाय-फाय ड्रायव्हर कर्नलबाहेरचा असणार. तसे ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस नव्यानं कंपाइल करतो आणि त्याला त्याच आवृत्तीची हेडर्स लागतात. जुन्या कर्नलवर जाऊन ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ टाका, मग ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा. नव्या आवृत्तीसमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसायला हवं.

दिसत असूनही लोड होताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं, तर सिक्युअर बूटनं अडवलं आहे. ‘मोकयूटिल’नं डीकेएमएसची की नोंदवा. एक पासवर्ड ठरवायला सांगेल. रीबूट झाल्यावर निळा पडदा येतो, तिथं तोच द्यायचा. लोक घाईघाईनं ‘कंटिन्यू’ दाबून तो पडदा घालवतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

शंका : अपडेट झालं, पण संगणक चालूच आहे. रीबूट केलंच पाहिजे?
— दवाखान्यातील नोंदणी लिपिक, लातूर

समाधान : हो. तोवर मेमरीत जुनंच कर्नल चालू राहतं आणि त्यातली भोकंही तशीच राहतात. मात्र संध्याकाळी घाईत रीबूट नको. गर्दी नसताना आणि ‘/बूट’मध्ये नवी जोडी दिसल्यावरच करा. नंतर आठवडाभर नीट चाललं, की सर्वांत जुनं कर्नल काढायला हरकत नाही.