प्रतिस्पर्धी पुढे, शरीर तापलेलं

मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर १८ सप्टेंबर २०१६ रोजी ट्रायथलॉनच्या जागतिक मालिकेची शेवटची शर्यत झाली. दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं, तेही दमट उकाड्यात. वर्षाच्या जगज्जेतेपदासाठी ब्रिटनचा जॉनी ब्राउनली आणि स्पेनचा मारिओ मोला यांच्यात चुरस होती. मोला मागे पडला होता आणि जॉनी सर्वांत पुढे होता. शेवटच्या काही शे मीटरमध्ये जॉनी झोकांड्या खाऊ लागला. थोरल्या भावाने, अ‍ॅलिस्टरने, त्याला आधार देत धावत नेलं आणि रेषेपार ढकललं. जॉनी दुसरा आला. पाचवा आलेला मोला अवघ्या ४ गुणांनी जगज्जेता झाला.

ही चित्रफीत लोक बंधुप्रेमासाठी पाहतात. गोव्यातल्या हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्या वाचकांनी ती जॉनीच्या उष्णतेने लटपटणाऱ्या पायांसाठीही पाहावी.

स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णता बनतो. उकाड्यात ती मुख्यतः घाम वाळूनच बाहेर पडते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, अंग आतून तापतच राहतं. एरवी अशा वेळी माणूस आपोआप वेग कमी करतो. पण शेजारी प्रतिस्पर्धी असला की तो लगाम सुटतो. एकटा सायकलस्वार स्पर्धेतल्या सायकलस्वारापेक्षा हळू जातो, हे नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८मध्येच नोंदवलं होतं. चुरशीमुळे वेग वाढतो, उष्णता सोसायची ताकद मात्र वाढत नाही.

शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि मेंदू गोंधळला, तर तो उष्माघात. चाल लटपटते, बोलणं असंबद्ध होतं, माणूस विनाकारण चिडतो, भलत्याच दिशेने पळतो. अंग घामाने भिजलेलं असलं तरी उष्माघात असू शकतो, म्हणून कोरड्या त्वचेची वाट पाहू नका. ‘मी ठीक आहे’ या त्याच्या शब्दावरही विसंबू नका. ज्या मेंदूने हे ठरवायचं, तोच बिघडलेला असतो.

अशा वेळी आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर मानेपर्यंत बुडवा, डोकं धरून ठेवा. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी गुंडाळा, त्या सतत बदला, वारा घाला. दरम्यान कुणीतरी १०८ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी देऊ नका.

तयारीबद्दल थोडक्यात. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी पिऊ नका, रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. शर्यतीआधी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, घामाने आटलेल्या शरीरात त्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो. शर्यतीआधीच्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झाले असतील तर उतरू नका. हंगामातली शेवटची शर्यत असली की हे ऐकणं कठीण जातं, हे मला माहीत आहे. तरीही माझा सल्ला हाच राहील.

आणि सोबत येणाऱ्या माणसाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा: ‘माझी चाल बिघडली तर मला ओरडून प्रोत्साहन देऊ नकोस. लगेच वैद्यकीय पथकाला बोलाव, मी कितीही नको म्हणालो तरी.’