कानातलं यंत्र आणि अडलेला शब्द

फायनल इयर जवळ आलं की प्रोजेक्टचे विषय शोधायची धावपळ सुरू होते. समाजोपयोगी विषय घेतला तर परीक्षकांवर छाप पडते, म्हणून अंधांसाठी काठी, मुक्यांसाठी हातमोजा असे विषय दर वर्षी येतात. त्याच यादीत आणखी एक विषय असतो : अडखळत बोलणाऱ्यांसाठी कानात घालायचं यंत्र. सर्किट सोपं, खर्च कमी आणि डेमो झकास. पण हे यंत्र खरंच उपयोगी पडतं का, आणि कुठे पडतं, हे आधी बघायला पाहिजे.

अडखळणं म्हणजे नक्की काय?

आपण सरसकट 'तोतरा' म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, अक्षर पुन्हा पुन्हा येणं : 'पा-पा-पाणी'. दुसरी, आवाज ताणला जाणं : 'स्स्ससायखेडा'. तिसरी म्हणजे शब्द पूर्ण अडणं. तोंड उघडलेलं, जीभ जागेवर, पण आवाजच फुटत नाही. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज आहे.

लहान मुलांपैकी साधारण 5 टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात. त्यातल्या बहुतेकांचं पुढे आपोआप सुटतं. मोठ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 1 टक्का राहतं, आणि त्यात पुरुष स्त्रियांच्या जवळपास चौपट असतात. म्हणजे 400 मुलांच्या होस्टेलमध्ये चारपेक्षा जास्तच जण असणार. ते दिसत नाहीत, कारण ते मेसमध्ये गप्प बसतात किंवा अवघड शब्द टाळून दुसरा वापरतात. बुद्धीचा किंवा भित्रेपणाचा याच्याशी संबंध नाही. मेंदूत बोलण्याच्या हालचालींची जी वेळ जुळवली जाते तिथे फरक असतो, आणि बऱ्याच घरांत तो पिढ्यान् पिढ्या दिसतो. 2010 मध्ये डेनिस ड्रेना यांच्या गटाने एका पाकिस्तानी कुटुंबाच्या अभ्यासातून यामागच्या काही जनुकांची नावंसुद्धा पुढे आणली.

यंत्राची कल्पना कुठून आली?

गणपतीत आरती म्हणताना अडखळणारा मुलगाही सगळ्यांबरोबर बिनचूक म्हणतो. बरोबर दुसरा आवाज असला की अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. मग प्रश्न आला की हा 'दुसरा आवाज' यंत्राने देता येईल का?

1950 मध्ये बर्नार्ड ली यांनी दाखवलं की आपलाच आवाज थोडा उशिरा कानात आला तर चांगला बोलणारा माणूससुद्धा चाचरतो. साधारण 200 मिलिसेकंद उशीर असेल तर हा परिणाम जोरात होतो. गंमत अशी की अडखळणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत उलटं घडतं, त्यांचं बोलणं सुधारतं. 1970 च्या दशकात 'एडिंबरा मास्कर' आलं. त्यात गळ्यावर मायक्रोफोन असायचा आणि माणूस बोलू लागला की कानात घूं घूं आवाज सुरू व्हायचा, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकूच येऊ नये. पुढे अमेरिकेत ईस्ट कॅरोलायना विद्यापीठातल्या जोसेफ कालिनोव्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की 50 मिलिसेकंदांसारखा छोटा उशीरही चालतो. त्यातून 2001 मध्ये 'स्पीचईझी' हे श्रवणयंत्राएवढं उपकरण बाजारात आलं. किंमत काही हजार डॉलर.

सर्किट

आपल्या ब्रँचच्या भाषेत सांगायचं तर हा एक सर्क्युलर बफर आहे. सेकंदाला 8000 सँपल घेतले तर 50 मिलिसेकंदांत 400 सँपल होतात. प्रत्येकाला 2 बाइट धरले तर 800 बाइट. अर्डुइनो उनोची रॅम 2048 बाइट असते, म्हणजे त्यातसुद्धा बसतं. नवा सँपल लिहायचा, 400 घरं मागचा वाचायचा, आणि इअरफोनला द्यायचा. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तेव्हा 50 मिलिसेकंद म्हणजे साडेआठ मीटरवरच्या भिंतीवरून परत आलेला आवाज. स्पीचईझी याच्या जोडीला आवाजाची पट्टीही वर-खाली करतं, म्हणजे दुसरंच कोणी बरोबर बोलतंय असं वाटतं.

एक धोक्याची सूचना. ब्लूटूथ इअरफोन वापरू नका. बऱ्याच इअरफोनमध्ये आवाज पोचायलाच 100 ते 200 मिलिसेकंद जातात. तुम्ही कोडमध्ये 50 लिहाल आणि कानात भलतंच येईल. वायरचा इअरफोनच घ्या.

उपयोग किती?

प्रयोगशाळेत यंत्र लावून उतारा वाचायला दिला की फरक छान दिसतो. पण मनाने बोलताना आणि समोरासमोर गप्पा मारताना तो कमी होतो, आणि माणसागणिक बदलतो. 2009 मध्ये रायन पोलार्ड आणि सहकाऱ्यांनी 11 प्रौढांना हे यंत्र रोजच्या वापरात काही महिने दिलं. अडखळण्याची मोजणी केली तेव्हा सगळ्या गटाचा मिळून ठाम फायदा दिसला नाही. काहींना मात्र नक्की फायदा झाला, आणि मोजणीत दिसला त्यापेक्षा त्यांना स्वतःला तो जास्त वाटला. म्हणून 'हे यंत्र थोतांड आहे' असं म्हणणं चूक, आणि 'तोतरेपणावर रामबाण' असं पोस्टरवर छापणंही चूक.

असं का होतं, ते बघायला प्रयोगशाळेतून बाहेर पडू. माझं गाव सायखेडा, निफाड तालुक्यात गोदाकाठी. तिथे पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार आहे. कांद्याच्या लिलावाला ट्रॅक्टरांची रांग, व्यापाऱ्यांच्या बोल्या, इंजिनांचा धडधडाट. समजा अडखळणारा एखादा शेतकरी हे यंत्र लावून तिथे उभा राहिला. यंत्राला कोणाचा आवाज कोणाचा हे कळत नाही, ते सगळा गोंगाट 50 मिलिसेकंदांनी परत कानात ओततं. ही पहिली अडचण.

दुसरी जास्त मोठी. काट्यावर कोणी विचारलं, 'नाव? गाव?' पाण्याऐवजी 'प्यायला द्या' म्हणता येतं, पण स्वतःच्या नावाला आणि गावाला पर्यायी शब्द नसतो. तिथे शब्द पूर्ण अडला तर आवाजच नाही. आणि आवाज नाही तर बफरमध्ये काय भरणार? यंत्र उशिरा ऐकवणार तरी काय? म्हणजे ज्या क्षणी मदत सगळ्यात जास्त हवी, त्याच क्षणी यंत्राचं इनपुट शून्य असतं. ही अडचण महागड्या चिपने सुटत नाही, ती कल्पनेतच आहे. आता काट्याच्या जागी ओरलचा टेबल ठेवा आणि कॅम्पस इंटरव्ह्यूमधलं 'टेल अस युवर नेम' आठवा. प्रसंग तोच आहे.

मग करायचं काय?

प्रोजेक्ट करायचा असेल तर जरूर करा, पण डेमोला उतारा वाचून दाखवू नका. अडखळणाऱ्या मित्राला विश्वासात घ्या, त्याची इच्छा असेल तरच त्याला यंत्र महिनाभर वापरायला द्या. मेसमध्ये, फोनवर, एस.टी. स्टँडवर काय झालं ते लिहून ठेवा आणि रिपोर्टमध्ये अपयशही मांडा.

ज्याला स्वतःला मदत हवी आहे त्याने आधी वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जावं. मुंबईत वांद्र्याला 1983 साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. नायर हॉस्पिटलच्या कॉलेजातही या विषयाचा विभाग आहे. 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'च्या स्वमदत गटांत अडखळणारे लोक एकमेकांसमोर मोकळेपणाने बोलायचा सराव करतात. मोबाईलवर उशिरा आवाज ऐकवणारी ॲप्स मिळतात, तेव्हा हजारो रुपये घालण्याआधी वायरचा इअरफोन लावून त्यावर करून बघता येतं.

राहिले आपण, ऐकणारे. त्याचा शब्द आपण पूर्ण करू नये, 'सावकाश बोल' असा सल्ला देऊ नये, घड्याळाकडे बघू नये. सर आणि मॅडमना एक विनंती : ओरलच्या आधी एखाद्या मुलाने येऊन 'मला थोडा वेळ लागतो' असं सांगितलं, तर त्याला पाच मिनिटं जास्त द्यावीत, आणि पहिला प्रश्न नावाचा विचारू नये. नाव हजेरीच्या कागदावर लिहिलेलं असतंच. त्याला सर्किटचा प्रश्न विचारावा, उत्तर त्याला येत असतं.