जुन्या बैलगाडीचे नूतनीकरण

परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी हे काळ्या कसदार जमिनीच्या पट्ट्यातील गाव. कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन ही या पट्ट्यातील पिके. ट्रॅक्टरचा प्रसार झाल्यापासून बैलजोड्यांची संख्या घटली. तरीही बांधावरचा चारा, शेणखत, बियाणे आणि वेचलेला कापूस यांची थोड्या अंतरावरील ने-आण करण्यास लहान शेतकऱ्याला बैलगाडीइतके स्वस्त साधन दुसरे नाही. मात्र अनेक वाड्यांतून जुनी गाडी चाके खिळखिळी होऊन पडून असते. अशी गाडी मोडीत काढण्यापूर्वी तिचे नूतनीकरण कसे करता येईल, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम तपासणी

गाडीचे चार भाग स्वतंत्रपणे तपासावेत : चाके, आख, साटा आणि जू. चाकाच्या तुंब्याला उभी भेग गेली असेल, तर ते चाक दुरुस्तीच्या पलीकडे गेले असे समजावे. एखाद-दुसरा आरा किंवा पुठ्ठा कुजला असेल तर तो बदलता येतो. आख वाकला आहे काय, हे चाक अधांतरी फिरवून पाहावे. चाक डुलत असेल तर दोष आखात किंवा तुंब्यात असतो. साट्याच्या लाकडास वाळवी लागली असल्यास तेवढाच भाग काढून टाकावा. पूर्वीच्या गाड्यांतील सागाचे व बाभळीचे लाकूड पुष्कळदा नव्या लाकडाहून सरस असते, म्हणून ते घाईने फेकू नये.

लाकडी चाक व लोखंडी धाव

वैशाख महिन्यात लाकूड सुकून आक्रसते व धाव सैल होते. चाक पाण्यात भिजत ठेवण्याचा रूढ उपाय तात्पुरताच होय. धाव कापून, घेर थोडा कमी करून पुन्हा चढविणे हा खरा उपाय. सुमारे १४ फूट घेराची धाव भट्टीत ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापविली, तर तिचा घेर जवळजवळ एक इंचाने वाढतो. अशी तापलेली धाव चाकावर बसवून पाणी ओतले, की ती आक्रसून पुठ्ठे, आरे व तुंबा यांना एकत्र आवळते. सुतार आणि लोहार यांच्या या संयुक्त कौशल्यावर लाकडी चाकाचे आयुष्य अवलंबून असते. हे काम पावसाळ्यापूर्वी, लाकूड पूर्ण सुकलेले असताना करावे.

टायरची चाके

अरुंद लोखंडी धाव पावसाळ्यात काळ्या चिखलात रुतते. रबरी टायर भार अधिक जागेवर विभागतो, त्यामुळे ओढ कमी लागते. बेअरिंग बसविल्यास आखाजवळील घर्षणही घटते. भारवाही जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत हा फरक मान्य केलेला आहे. बिनटायरच्या, टायरच्या आणि बेअरिंगच्या दुचाकी गाड्यांसाठी तेथे ठरविलेल्या कमाल भाराचे प्रमाण २ : ३ : ४ असे आहे.

परंतु टायर बसविले म्हणजे काम संपले, असे नाही. लाकडी चाक १४० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर आख जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच असतो. ७० सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर तो ३५ सेंटिमीटरवर येतो. बैलाच्या खांद्याची उंची मात्र तीच राहते. परिणामी साटा मागे कलतो. म्हणून आख आणि साटा यांच्यामध्ये ठोकळे किंवा लोखंडी चौकट देऊन साटा पुन्हा समतल करावा.

बाभळीचे काटे आणि तुरीची धसकटे हे आपल्या भागातील टायरचे शत्रू होत. हवा भरण्याचा पंप व पंक्चर काढण्याचे साहित्य घरी असावे. दोन्ही टायरमधील हवा सारखी ठेवावी. टायरची गाडी सहज घरंगळत असल्याने उतारावर ती बैलांच्या अंगावर येते. तिला ब्रेक बसविणे अत्यावश्यक आहे.

तोल : सर्वांत महत्त्वाची बाब

ओझ्याचा मध्य आखाच्या किंचित पुढे असावा. समजा, साटा व माल मिळून वजन ९०० किलो आहे आणि आखापासून जू तीन मीटरवर आहे. ओझ्याचा मध्य आखाच्या १० सेंटिमीटर पुढे असल्यास जुवावर सुमारे ३० किलो भार येतो. तोच मध्य ३० सेंटिमीटर पुढे गेला, तर ९० किलो, म्हणजे प्रत्येक मानेवर ४५ किलो पडतात. अशी धुरजड गाडी दिवसभर ओढणाऱ्या बैलास खांदेसूज येण्याचा धोका असतो. उलट ओझे मागे गेल्यास गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते व जुपणी बैलाचा गळा आवळते. रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत जू हाताने उचलून पाहणे, ही तोलाची सोपी परीक्षा आहे. जुवाची मानेवर टेकणारी बाजू रुंद व गुळगुळीत करावी. तेथे खिळ्याचे टोक किंवा लाकडाची चीर राहू देऊ नये.

वापरातील दक्षता

गाडी सुधारली म्हणून बैलाची शक्ती वाढत नाही. वरील नियमांनुसार जनावरास दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम देता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सियसहून अधिक असलेल्या ठिकाणी दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर जुंपण्यास मनाई आहे. परभणीच्या उन्हाळ्यात ही मर्यादा कित्येक दिवस ओलांडली जाते, हे ध्यानी ठेवावे. रात्री डांबरी रस्त्यावर जाणाऱ्या गाडीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्यात. बेअरिंगला वेळोवेळी वंगण द्यावे.

परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या व आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापराविषयी संशोधन झाले आहे. शेतकरी बंधूंनी गाडीत मोठा बदल करण्यापूर्वी तेथील अभियंत्यांचा सल्ला घेणे हितावह ठरेल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून वर्षभराच्या कष्टांबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो. त्याच खांद्यावर उरलेले दिवस जू असते. ते हलके आणि समतोल राहील अशी गाडी बांधणे, हीही खांदेमळणीच होय. आणि ज्याची सारी मिळकत एका बैलजोडीवर उभी आहे, त्या शेतकऱ्याच्या संसाराचे ते रक्षणही होय.