ग्रामर स्कूल : एक नाव, अनेक अर्थ



परदेशांतील शिक्षणाविषयी वाचताना ‘ग्रामर स्कूल’ हा शब्द वारंवार आढळतो. ‘व्याकरणशाळा’ असे त्याचे शब्दशः भाषांतर केल्यास बोध होण्याऐवजी घोटाळाच होतो. शाळेच्या नावात तिचा इतिहास साठलेला असतो. तिचे वर्तमान असतेच असे नाही.

१. मूळ अर्थ : ग्रीक भाषेत ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर. मध्ययुगीन इंग्लंडात धर्म व विद्या यांचे व्यवहार लॅटिनमधून चालत. त्या भाषेचे व्याकरण शिकविणारी शाळा ती ग्रामर स्कूल होय. यांतील अनेक शाळा दानशूरांच्या देणग्यांवर चालत. पुढे लीड्स या व्यापारी शहरातील शाळेत आधुनिक भाषाही शिकवाव्यात, अशी मागणी झाली. परंतु १८०५ साली लॉर्ड एल्डन या न्यायाधीशांनी शब्दकोशातील अर्थ प्रमाण मानून, देणगी प्राचीन भाषांच्या अध्यापनासाठीच आहे, असे ठरविले. नावच पायांतील बेडी झाले! ती १८४० च्या कायद्याने सैल झाली.

२. निवडीची शाळा : १९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडातील सरकारी माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले. गरिबाच्या मुलालाही ग्रामर स्कूलचे दार उघडले, ही मोठीच गोष्ट होय. मात्र त्या दारावर अकराव्या वर्षीची परीक्षा उभी राहिली. साधारणतः चार-पाच मुलांपैकी एकाची निवड होई. उरलेली बहुसंख्य मुले ‘मॉडर्न’ शाळांत जात आणि त्यांतील पुष्कळांचे शिक्षण पंधराव्या वर्षीच संपे. एका दिवसाच्या परीक्षेने आयुष्याची वाट ठरावी काय, हा प्रश्न तीव्र झाला. १९६५ साली १०/६५ क्रमांकाच्या परिपत्रकाने सर्वांसाठी एकच समावेशक शाळा करण्याची विनंती स्थानिक मंडळांना करण्यात आली. आज इंग्लंडात अशा सुमारे १६० शाळा उरल्या आहेत. १९९८ च्या कायद्याने नव्या काढण्यास बंदी घातली.

३. इतर देश : अमेरिकेत हेच नाव प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांना रूढ झाले, तेथे त्यात निवडीचा भाव नव्हता. ऑस्ट्रेलियात १८५८ साली स्थापन झालेल्या मेलबर्न ग्रामर स्कूलसारख्या संस्था शुल्क घेणाऱ्या खाजगी शाळा आहेत. १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीतही १८४७ पासून ग्रामर स्कूल असून ती आज पाकिस्तानातील नामांकित खाजगी शाळा आहे.

४. आपल्यासाठी बोध : एकाच नावाने कोठे लॅटिन, कोठे गुणवत्ता, कोठे इयत्ता, तर कोठे ऐपत दर्शविली जाते. तेव्हा शाळेची पारख नावावरून न करता, ती कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, यावरून करावी. आपल्याकडे शिक्षणहक्क अधिनियम, २००९, याच्या कलम १३ अन्वये प्रवेशासाठी बालकाची चाळणी घेण्यास मनाई आहे. तथापि दारातील चाळणी बंद झाली तरी वर्गातील चाळणी चालू राहू शकते. ‘हुशार’ मुले पुढील बाकांवर व ‘ढ’ मुले मागे, ही मांडणी म्हणजे दररोज घेतलेली अकराव्या वर्षीची परीक्षाच होय.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न :

(१) बालकाच्या कुवतीविषयीचा अंतिम निर्णय लहान वयात का करू नये?

(२) आपल्या वर्गात मागे पडलेल्या मुलांना उत्तर देण्याची संधी दिवसातून किती वेळा मिळते? आठवडाभर नोंद ठेवून पाहावी.