टोकन देण्याआधी घराची तब्येत तपासा



या पानावर आम्ही ताप, रक्तदाब, गरोदरपण, लसीकरण असे विषय घेतो. या वेळी घराच्या खरेदीवर लिहीत आहोत. काही वाचक विचारतील, घराचा आणि आरोग्याचा काय संबंध? पावसाळ्यात ज्या घरात दोन दिवस पाणी साचते, त्या घरातली माणसे पुढचे दोन महिने दवाखान्याच्या रांगेत उभी असतात. हे आम्ही नर्सची नोकरी करताना पाहिले आणि आता वस्तीत काम करताना रोज पाहतो.

मार्चअखेरची गोष्ट. आमच्या ओळखीचे एक जोडपे. भाऊ एमआयडीसीत ठेक्यावर कामाला, ताई बचत गटात. बारा वर्षांपूर्वी बुलढाणा जिल्ह्यातून इकडे आले, तेव्हापासून भाड्याच्या खोलीत. कुंभवलीच्या बाजूला नाल्याजवळ दहा बाय अठराची खोली साडेचार लाखांत मिळत होती. दुसऱ्या दिवशी पन्नास हजार टोकन द्यायचे ठरले होते. ताई सहज सांगायला आल्या. आम्ही म्हटले, रविवारपर्यंत थांबा, आपण खोली बघून येऊ. त्या म्हणाल्या, "बघितली ना दोनदा! छान रंग दिलाय."

हा रंगच आधी बघायचा असतो. रविवारी आम्ही गेलो, सोबत वस्तीतले एक गवंडी भाऊ आणि वायरिंगचे काम करणारा एक मुलगा. खोलीला रंग नवा होता, पण वरची भिंत जुनी पिवळी आणि खालचे तीन फूट ताजे निळे. दलाल म्हणाला, मुलं भिंत घाण करतात म्हणून. गवंडी भाऊंनी दाराच्या चौकटीचा खालचा भाग नखाने दाबला, लाकूड भुसभुशीत झाले होते. लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर ओढले, तर मागे रंग पोहोचलाच नव्हता. तिथे पोपडे निघालेले, पांढरा खार फुटलेला, आणि मांडीच्या उंचीवर एक आडवी तपकिरी रेघ. वायरिंगच्या मुलाला वेगळेच दिसले. विजेचा बोर्ड छातीच्या उंचीवर होता आणि त्याच्या बरोबर खाली, गुडघ्याजवळ, सिमेंटने बुजवलेली दोन भोके. बोर्ड कधीतरी वर सरकवलेला होता. हौस म्हणून कोणी बोर्ड वर सरकवत नाही.

मग शेजारी विचारायचे. पण "इथे पाणी भरते का?" असे सरळ विचारले तर उत्तर मिळत नाही. शेजाऱ्यालाही उद्या आपली खोली विकायची असते, नाहीतर घरमालकाचा धाक असतो. आम्ही शेजारच्या आजींना विचारले, "आजी, पावसाळ्यात फ्रिज कशावर ठेवता?" आजी म्हणाल्या, "विटांवर. सहा विटा लागतात. मागच्या साली आठ लागल्या." याहून चांगला सर्व्हे कोण देणार? गादी कुठे ठेवता, चूल कुठे मांडता, मुलांची दप्तरे कुठे टांगता, असे विचारा. दुकानदाराला विचारा, तांदळाची पोती खालच्या फळीवर का नाहीत. अंगणवाडीच्या ताईंना आणि आशा ताईंना विचारा, जुलै-ऑगस्टमध्ये कोणत्या गल्लीत त्यांना घोट्यापर्यंत पाण्यातून जावे लागते. त्यांना गल्लीन् गल्ली माहीत असते.

तिसरे काम नळीचे. गवंडी लोकांकडे पाण्याची पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरले की दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभे राहते, मग मधे भिंत असो की वळण. एक टोक उंबरठ्याशी धरा, दुसरे रस्त्याच्या मध्यावर, नंतर नाल्याच्या काठावर. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकते. त्या खोलीचा उंबरठा रस्त्यापेक्षा नऊ इंच खाली निघाला आणि नाल्याच्या काठापेक्षा जेमतेम चार इंच वर. बांधली तेव्हा खोली खाली नसेल. रस्त्यावर दर काही वर्षांनी काँक्रीटचा नवा थर पडतो, रस्ता वर चढतो आणि घर आहे तिथेच राहते. तपासणीचा खर्च म्हणाल तर गवंडी भाऊंची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि चहा.

नाल्यावरही चालून या, निदान अर्धा किलोमीटर. पुढे मोरी किंवा पूल केवढा आहे, पाइप किती रुंद आहे, कचऱ्याने किती बुजला आहे, काठावर कोणी भराव टाकला आहे का, कारखान्याची भिंत नाल्यात आली आहे का. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मुरूम टाकून तो उंच केला की तिथले पाणी तुमच्या दारात येते. आपल्या भागातले नाले पश्चिमेला खाडीकडे जातात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की खाडी पाणी घेत नाही, ते मागे फिरते. बुलढाणा, वाशीम, जालना, नांदेडकडून आलेल्या आपल्या लोकांच्या हे पटकन लक्षात येत नाही. तिकडे पाऊस कमी पडला की माणूस रडतो. इथे पालघर जिल्ह्यात एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडते.

मोठ्या नद्यांच्या काठी जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई असते. नदीकाठच्या गावात घर घेत असाल तर नगरपालिकेत किंवा पाटबंधारे कार्यालयात हा नकाशा मागा. वस्तीतल्या नाल्याची रेषा मात्र कपाटामागच्या भिंतीवरच शोधावी लागते. आणि तीही शेवटची समजू नका. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी २००५ च्या खुणेच्याही वर गेले होते. जुन्या खुणेवर आणखी दोन फूट धरून हिशेब करा.

आता आजारांकडे येऊ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आम्ही तेव्हा वॉर्डात नव्या होतो. पाणी ओसरले, लोकांनी घरे धुतली, आणि मग तापाचे रुग्ण येऊ लागले. पोटऱ्या इतक्या दुखत की हात लावू देत नसत, डोळे लाल, काहींची लघवी कमी झालेली, काहींना कावीळ. तो लेप्टो. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शरीरात शिरतात. पाण्यातून चालल्यावर महिनाभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे वाक्य आधी सांगा. प्रतिबंधक गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, पण विचारून घ्या, मनाने नको. ज्या घरात दरवर्षी पाणी शिरते, तिथे हा धोका दरवर्षी विकत घेतलेला असतो.

दुसरी गोष्ट संडासाची टाकी, जिला आपण वस्तीत सेफ्टी टाकी म्हणतो. ती कुठे आहे, तिचे झाकण पुराच्या रेघेच्या वर आहे की खाली, आणि पिण्याच्या नळाचा पाइप तिच्यापासून किती लांबून जातो, हे उघडून बघा. लाज वाटू देऊ नका. आम्ही पाहिलेल्या खोलीत नळाचा पाइप गटारातूनच नेलेला होता, सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. नळाला पाणी नसते तेव्हा पाइप रिकामा होतो आणि फटीतून गटाराचे पाणी आत ओढतो. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, ती अशाच दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हेपेटायटिस ई विषाणूची होती. ही कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतणारी असते. घरात सून गरोदर असेल तर फरशी कशी आहे याआधी नळाचा पाइप बघा.

कुंभवली, पास्थळ, सालवड, कोळवडे या पट्ट्यात आणखी एक प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत पहिल्या क्रमांकावर होते. सांडपाण्याच्या प्रश्नावर किनाऱ्यावरचे मच्छीमार, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, हरित लवादाकडे गेले. म्हणजे नाला भरून घरात येतो तेव्हा त्यात पावसाच्या पाण्यासोबत आणखी काय असेल, याचा विचार करा. नाल्याचा रंग आणि वास सकाळी, रात्री आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी, असा तीनदा बघा. बोअरचे पाणी घरात वापरणार असाल तर भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. लक्षात ठेवा, पाणी उकळल्याने जंतू मरतात, रसायन जात नाही. उलट पाणी आटते आणि रसायन दाट होते. आमच्या आयाबाया तासभर पाणी उकळून निश्चिंत होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

ओल हा हळू मारणारा शत्रू. भिंतीवर काळी बुरशी आली की दम्याच्या मुलाचा खोकला थांबत नाही, मग आपण महिन्याला बाटली बदलतो. खोलीला समोरासमोर हवा आहे का, ऊन कुठून येते, हे दुपारी जाऊन पाहा. भेगाही बघा. प्लास्टरवरची केसासारखी भेग चालते. कोपऱ्यातून तिरपी गेलेली, बोटाचे नख शिरेल अशी भेग गवंड्याला किंवा इंजिनिअरला दाखवा. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. स्लॅबची सळई उघडी पडून गंजली असेल तर तिथे सौदा थांबवावा, असे आमचे मत आहे. विजेच्या बाबतीत अर्थिंग आहे का आणि शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बसवता येईल का, हे वायरमनकडून बघून घ्या. पाण्यात उभे राहून कोणीही मेन स्विचला हात लावू नये.

कागदांवर थोडक्यात लिहितो. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे घर आपले झाले, हा समज वस्तीत घट्ट बसला आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. घरपट्टीची पावती किंवा वीजबिल मालकी देत नाही. सातबारा काढा आणि "इतर हक्क" हा रकाना वाचा. आपल्या तालुक्यात पुष्कळ जमीन आदिवासी बांधवांची आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे ती परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकत घेता येत नाही, आणि अशी घेतलेली जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. ते योग्यच आहे. त्यांच्या जमिनीवर दलाल पैसे कमावतो आणि फसतात ते आणि आपण. पूर आल्यावर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हाही घर कोणाच्या नावावर हा पहिला प्रश्न असतो. रमाई आवास योजनेतून घरकुल हवे असेल तरी जागा स्वतःच्या नावावर लागते.

काही जण म्हणतील, एवढे बघत बसलो तर गरिबाने घर घ्यायचेच नाही का? प्रश्न रास्त आहे. उतारावरची, नाल्याकाठची, गावाचे पाणी जिथे जाऊन साचते तिथली जागा आपल्या वाट्याला का येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पूर हा सरकारने नियोजन करून हाताळायचा विषय आहे, हे बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना दाखवून दिले. १९४३ साली दामोदर नदीला पूर आला, त्यानंतर जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी त्या खोऱ्याच्या योजनेची मांडणी केली. म्हणून नाला रुंद करा, मोरी मोठी करा, हे अर्ज ग्रामपंचायतीत आणि एमआयडीसीत देत राहायचेच. पण मोरी मोठी होईपर्यंत आपले साडेचार लाख तिच्या तोंडाशी ठेवायचे नाहीत.

त्या जोडप्याचे काय झाले? दलाल चिडला, "तुम्ही नर्सबाई की इंजिनिअर?" म्हणाला, मग एक लाख कमी करायला तयार झाला. भाऊ तिथेच डळमळले. एक लाख म्हणजे त्यांची वर्षाची बचत. ताई मात्र आजींच्या आठ विटा विसरल्या नाहीत. त्यांनी सौदा सोडला आणि आणखी एक पावसाळा भाड्याच्या खोलीत काढला. जुलैत मोठा पाऊस झाला त्या दिवशी दोघे छत्री घेऊन ती खोली बघायला गेले. पाणी खिडकीच्या खालच्या कडेला लागले होते. आता ते अवधनगरच्या बाजूला एक खोली बघत आहेत. ती लहान आहे, नळ लांब आहे आणि ताईंना स्वयंपाकघर पसंत नाही. तिथेही आम्ही एकदा जाऊन आलो, जोते रस्त्यापेक्षा दीड फूट वर आहे. कागद अजून तपासायचे आहेत.

खोली उन्हाळ्यात पसंत केली असेल तरी जमल्यास सौदा श्रावणापर्यंत लांबवा आणि पावसात एकदा, रात्री, उधाणाच्या दिवशी जाऊन उभे राहा. टोकन द्यावेच लागले तर थोडे द्या, चेकने द्या, आणि "कागद व तपासणी समाधानकारक न झाल्यास रक्कम परत" असे लिहून दोघांच्या सह्या घ्या. सोबत कोणी हवे असेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात सांगा. नळी आमच्याकडे असते, गवंडी भाऊंना आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो.