मी वाचलेले पुस्तक : स्वामी मुद्रिकांचा



मे महिन्याच्या सुट्टीत मी गोरेगावला मामांकडे गेलो होतो. त्यांच्या कपाटात 'स्वामी मुद्रिकांचा' ही तीन भागांची कादंबरी होती. जाडी बघूनच छाती दडपली! मामा म्हणाले, "रोज थोडं थोडं वाच रे, घाई कुणाला आहे?" तशी वाचली आणि सुट्टी कधी संपली ते कळलंच नाही.

मूळ पुस्तक इंग्रजी. लेखक जे. आर. आर. टॉल्किन (जन्म 1892) हे ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. लहानपणीच त्यांचे आईवडील वारले. 1916 साली ते पहिल्या महायुद्धात लढले आणि त्या युद्धात त्यांचे जिवलग मित्र गेले. ही कादंबरी त्यांनी 1937 साली लिहायला घेतली, ती प्रसिद्ध झाली 1954-55 साली. मराठीत ती मुग्धा कर्णिक यांनी आणली.

गोष्ट अशी. सॉरोन नावाच्या दुष्टाने एक अंगठी घडवलेली असते. जो ती वापरील त्याला ती आपला गुलाम करते. ज्या ज्वालामुखीत ती घडली त्याच आगीत टाकली, तरच नष्ट होणार. हे काम येते फ्रोडोकडे. तो हॉबिट, म्हणजे उंचीने पहिलीतल्या मुलाएवढा. सोबतीला त्याचा माळी सॅम. मोठा जादूगार गँडाल्फ अंगठी घ्यायला नकार देतो, कारण त्याला स्वतःच्याच मोहाची भीती वाटते.

मला वाटले, शेवटी फ्रोडो अंगठी आगीत टाकणार. पण ऐन वेळी त्याचेच मन फिरते! मग लोभाने वेडा झालेला गोलम त्याचे बोट चावून अंगठी हिसकावतो आणि तिच्यासकट आगीत पडतो. या गोलमला फ्रोडोने पूर्वी दया करून जिवंत सोडलेले असते. ती दयाच कामी आली.

सारुमान नावाचा जादूगार भट्ट्यांसाठी रान तोडतो. तेव्हा झाडांचे राखणदार एन्ट चालून जातात आणि त्याच्या तटाच्या भिंती पाडतात. हे वाचले त्या संध्याकाळी मामांनी मला आरे कॉलनीत नेले. तिथे वारली लोकांचे पाडे आहेत. 2019 च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांहून जास्त झाडे तोडली. तोड रात्री सुरू झाली. 7 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने ती थांबवली, तोवर बहुतेक झाडे पडली होती. मी विचारले, "मामा, एन्ट नाही आले?" मामा म्हणाले, "माणसं आली होती. पोलिसांनी धरून नेली."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच मेट्रोत बसलो. खरं सांगतो, मला ती आवडली. पण झाडेही आठवत होती. दोन्ही गोष्टी मनातून जात नाहीत.

पुस्तकाच्या शेवटी सॅम घरी येतो, तर गावातली झाडे तोडलेली. तो आधी रडतो. मग भेट मिळालेली माती कणकण घालून तोडलेल्या झाडांच्या जागी रोपे लावतो.

आपल्या शाळेमागचा आंबा गेल्या वर्षी पडला. जागा अजून रिकामी आहे. या पावसात तिथे रोप लावू. पाणी मी घालीन. सोबत कोण येणार?