लेक कॉव्हेंट्रीत, काळजी सावेडीत

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. करायला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला गेली आहे. तिची आई रोज रात्री मोबाइलवर तिथल्या गुन्ह्यांचा नकाशा उघडून बसते. मी धीर द्यायला म्हटलं, अगं, इंग्लंडचा गुन्ह्यांचा दर नव्वदच्या आसपास आहे आणि आपल्या देशाचा 422, मग घाबरायचं कोणी? तर मुलगी फोनवरून म्हणाली, "बाबा, जरा नीट वाचा." नीट म्हणजे कसं वाचायचं? आणि आपला जिल्हा तर शनिशिंगणापूरचा. जिथे घरांना दारंच नाहीत त्या गावाचा दर शून्य धरायचा का?
– एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर

उत्तर : मुलगी बरोबर सांगते आहे. तुमचे दोन्ही आकडे खरे आहेत, पण दोन्हींची मापं वेगळी आहेत. इंग्लंडमध्ये दर हजार लोकसंख्येमागे गुन्हे मोजतात, आपल्याकडे दर लाखामागे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालात देशभरात 58 लाखांहून अधिक दखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे लाखामागे 422. हजारात आणले की उरतात जेमतेम सव्वाचार. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑनलाइन वगैरे फसवणूक वगळूनही पोलिसांकडे हजारामागे नव्वदच्या आसपास गुन्हे नोंदले जातात. फरक वीस पटींहून जास्त, आणि तोही तुम्ही समजलात त्याच्या उलट दिशेने.

आता लगेच मुलीला परतीचं तिकीट काढायला सांगू नका. इंग्रज माणूस आपल्यापेक्षा वीस पट गुन्हेगार आहे, असं काही यातून सिद्ध होत नाही. हे आकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे आहेत. किती गुन्हे घडले, ही गोष्ट निराळी.

नेवासे, राहुरी, श्रीरामपूर, कुठल्याही बागायती पट्ट्यात जा. रात्रीतून विहिरीवरची मोटार जाते, नाहीतर दोनशे फूट केबल जाते. चोरटे केबल जाळून आतलं तांबं काढतात आणि वजनावर विकतात. सकाळी बांधाच्या कडेला काळी राख तेवढी सापडते. शेतकरी काय करतो? मनातल्या मनात हिशेब. मोटार सात वर्षं जुनी, बिल कधीच हरवलेलं. ठाण्यात जायचं म्हणजे एक दिवस मोडला, गाडीचं पेट्रोल वेगळं. साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. कोणीतरी म्हणतं, "अर्ज देऊन जा, बघतो." समजा मोटार सापडलीच, तर ती मुद्देमाल म्हणून जमा होणार आणि सोडवायला कोर्टात खेटे. इकडे ऊस पाण्याला आलेला. मग तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन शिव्या टाकतो आणि दुपारी नवी मोटार आणायला तालुक्याला जातो. चोरी घडली, नुकसान झालं, सरकारी दफ्तरात मात्र काहीच घडलेलं नाही.

कॉव्हेंट्रीत तुमच्या मुलीची सायकल गेली तर ती वसतिगृहातल्या पलंगावर बसूनच ऑनलाइन अर्ज भरेल. सायकल सापडेल अशी फार आशा असते म्हणून नव्हे. विमा कंपनी पैसे देण्याआधी पोलिसांचा गुन्हा क्रमांक मागते म्हणून. तिथे विम्याने माणसाला फिर्यादी करून टाकलं आहे. एका सायकलीमागे एक गुन्हा आकड्यात पडतो आणि तिची आई इथे तो नकाशावर बघते.

दुसरा फरक कायद्याचा. तिथल्या आकड्यात 'शारीरिक हिंसा' हा सगळ्यात मोठा गठ्ठा असतो. त्यात इजा न होता झालेली धक्काबुक्की, पाठलाग आणि छळ हेही येतं. आपल्याकडे बांधावरून झालेली भांडणं आठवा: शिवीगाळ, कॉलर धरणं, साधी मारहाण. यातलं बहुतेक सारं अदखलपात्र. ठाण्यात एनसी होते, एक कागद हातात मिळतो आणि दोन्ही भावकी घरी जातात. वर सांगितलेल्या 422मध्ये एनसी धरलेलीच नाही. शिवाय एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असतील तर आपला अहवाल त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा एकच मोजतो.

मग दोन देशांची तुलना करायचीच नाही का? करता येते, पण जो गुन्हा दडपणं सगळ्यात अवघड असतं तो घेऊन. खून. मोटार गेल्याचं माणूस गिळून टाकतो, प्रेत गिळता येत नाही. 2022 साली भारतात 28,522 खून नोंदले गेले, लाखामागे 2.1. इंग्लंड-वेल्समध्ये त्या सुमारास वर्षाला सहाशेच्या आसपास, म्हणजे लाखामागे साधारण एक. इथे चित्र पुन्हा उलटं होतं. एकूण दरात आपण वीस पटींनी सज्जन आणि खुनात दुपटीने वाईट. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे मानायचे असतील तर एकच मार्ग उरतो: आपल्याकडचे लहान गुन्हे मोठ्या प्रमाणात कागदावर येतच नाहीत. देशातही हेच दिसतं. केरळ गुन्ह्यांच्या दरात वर्षानुवर्षं वरच्या राज्यांत असतो, म्हणून कोणी केरळला जायला घाबरत नाही. तिथला माणूस ठाण्यात जातो आणि ठाण्यातला माणूस लिहून घेतो, हे त्या उंच आकड्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

इंग्रज पोलीस या बाबतीत फार सोवळे आहेत असं समजू नका. 2014 साली तिथल्या पोलीस निरीक्षण यंत्रणेने तपासणी केली, तेव्हा लोकांनी सांगितलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे 19 टक्के नोंदवलेच जात नाहीत असं आढळलं. त्याच वर्षी तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या आकड्यांचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जा काढून घेतला. पुढे पोलीस नीट लिहू लागले आणि आकडे चढले. वाढलेल्या आकड्यात गुन्हेगारी किती आणि सुधारलेली कारकुनी किती, हा वाद तिथे अजून चालतो. पण त्यांच्याकडे ताळा करायला दुसरी वही आहे. 1982पासून ते घरोघरी जाऊन विचारतात, की गेल्या वर्षभरात तुमचं काय चोरीला गेलं, कोणी मारलं का, आणि पोलिसांना सांगितलंत का. आपल्याकडे असं नियमित देशव्यापी सर्वेक्षण होत नाही, त्यामुळे ताळा करायला दुसरी वहीच नाही. एक गंमत म्हणजे ते सर्वेक्षणवाले विद्यार्थी वसतिगृहात जात नाहीत, फक्त कुटुंबांच्या घरांत जातात. तुमच्या मुलीला कोणी विचारणार नाही.

शहराशी शहर जुळवायचं म्हटलं तर लोकसंख्या मोठी छान जमते. 2011च्या जनगणनेत आपल्या महापालिकेची लोकसंख्या साडेतीन लाख, आणि 2021च्या जनगणनेत कॉव्हेंट्रीची 3 लाख 45 हजार. पण राष्ट्रीय अहवाल शहरवार तपशील देतो ते वीस लाखांवरच्या महानगरांचे. त्यात पुणं सापडेल, नगर नाही. कोतवाली, तोफखाना, भिंगार कॅम्प या ठाण्यांचे आकडे जिल्ह्याच्या बेरजेत जातात, आणि जिल्हा केवढा, तर सतरा हजार चौरस किलोमीटर, राज्यात सगळ्यात मोठा. अकोले तालुक्यातला डोंगर आणि सावेडीतला उपनगरी रस्ता एकाच सरासरीत. सावेडीत दुचाकीवरून मंगळसूत्र ओढलं जाण्याची धास्ती किती खरी, हे ती सरासरी सांगू शकत नाही.

भागाकाराचीही एक फसगत असते. शिर्डीची लोकसंख्या 2011ला 36 हजारांच्या घरात, आणि गावात रोज हजारोंनी भाविक येतात. गर्दीत मारलेला प्रत्येक खिसा त्या 36 हजारांच्या माथी. तसा भागाकार केला तर शिर्डी मुंबईपेक्षा धोकादायक ठरेल. इंग्लंडमध्येही दुकानं आणि पब असलेल्या मध्यवर्ती भागांचे दर याच कारणाने फुगलेले दिसतात.

आता शनिशिंगणापूर. तिथे जाऊन आलेल्या कोणालाही चौकटी आठवतात. चौकट आहे, दार नाही. रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून फळी आडवी लावतात, तेवढंच. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, डोळे जातात, साडेसाती लागते, ही श्रद्धा. 2011च्या जानेवारीत युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, त्याची देशभर बातमी झाली. पुढे तिथे जाऊन आलेल्या वार्ताहरांनी लिहिलं की काचेच्या दाराला सहज न दिसणारं, दुरून चालणारं विद्युतचुंबकी कुलूप आहे. मला यात ढोंग वाटत नाही. ठेवीदाराचा पैसा सांभाळायचा आणि गावाचा मानही राखायचा, तर माणूस आणखी काय करणार?

पण दर शून्य? 2010 साली बाहेरून आलेल्या एका भाविकाने गाडीतून रोकड आणि ऐवज मिळून 35 हजारांची चोरी झाल्याची तक्रार केली. पुढच्या वर्षी 70 हजारांच्या दागिन्यांची. गावातून उत्तर आलं की हे गावात घडलंच नाही, बाहेर घडलं. हद्दीचं हे उत्तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे; फक्त एरवी ते ठाणे अंमलदाराकडून ऐकायला मिळतं. स्वतंत्र पोलीस ठाणं गावाला मिळालं 2015मध्ये. त्याआधी तक्रार द्यायची तर सोनईला जावं लागे. ज्या गावात चोरी झाली असं म्हणणं हाच देवाचा अपमान, तिथे फिर्याद द्यायला किती माणसं उठतील? माझ्या मते तिथे चोऱ्या खरंच कमी होत असाव्यात. लहान गाव, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि वर देवाचा धाक. पण हे कमीपण दफ्तरातल्या शून्यावरून सिद्ध होत नाही. अलीकडे तर प्रश्न दाराचा राहिलेलाच नाही. 2025च्या पावसाळी अधिवेशनात याच देवस्थानातल्या बनावट ॲपचं आणि बनावट नोकरभरतीचं प्रकरण गाजलं, आणि मुख्यमंत्र्यांनी सभागृहात चौकशी जाहीर केली.

आणि त्या सोनईचं नाव निघालंच आहे तर एक सांगितलंच पाहिजे. 1 जानेवारी 2013ला तिथे मेहतर समाजातल्या तीन तरुणांचा आंतरजातीय प्रेमावरून खून झाला. खटला नाशिकला चालला आणि 2018मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. बिनदाराच्या गावापासून हे ठिकाण काही किलोमीटरवर आहे. 2014ला खर्ड्यात झालेला दलित मुलाचा खून, 2016ला कोपर्डीत झालेला मुलीवरचा बलात्कार आणि खून, हेही याच जिल्ह्यातले. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि 2017मध्ये आरोपी सुटले. वार्षिक तक्त्यात ही प्रकरणं एकेक आकडा होऊन बसतात. पण ज्या वस्तीवर ती घडली तिथल्या मुलाला, मुलीला आपण सुरक्षित आहोत का असं विचारलं, तर उत्तर जिल्ह्याच्या दरावर ठरत नाही. आडनावावर ठरतं. पारध्यांच्या पालावरही हेच. गुन्हेगार जमातींचा 1871चा कायदा 1952ला रद्द झाला, तरी गावात घरफोडी झाली की संशयाचं पहिलं बोट अजून तिकडेच जातं. त्यांना चोरट्यांइतकीच भीती तपासाची वाटते, आणि ती कोणत्याही रकान्यात बसत नाही.

तुमच्या मुलीसाठी कामाचं एवढंच. तिथे खरी काळजी चाकूच्या गुन्ह्यांची आहे. कॉव्हेंट्री ज्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांच्या हद्दीत येतं, तो भाग त्यासाठी बदनाम आहे. पण तो धोका शहरभर सारखा पसरलेला नसतो. रात्री उशिरा कुठला रस्ता टाळायचा हे दोन वर्षं तिथे राहिलेली मुलं एका वाक्यात सांगतील, तिला त्यांनाच विचारू द्या. तातडीला 999, एरवी पोलिसांसाठी 101. तिच्या आईला सांगा, की त्या नकाशावरचे ठिपके घटनेच्या नेमक्या जागी नसतात. ओळख लपवायला ते जवळच्या ठरावीक खुणेवर सरकवलेले असतात, म्हणून वसतिगृहाशेजारच्या सुपरमार्केटवर दिसणारा ढीग आसपासच्या सगळ्या गल्ल्यांचा असतो. शिवाय तो नकाशा महिन्यातून एकदाच बदलतो.

आपल्याकडचं बघायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2016च्या आदेशानंतर नाजूक प्रकरणं वगळून एफआयआर संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि ठाणं निवडून त्या वाचता येतात. आठवडाभर तोफखान्याच्या वाचल्यात तर सावेडीबद्दल कुठल्याही दरापेक्षा जास्त कळेल, निदान जे लिहिलं गेलं तेवढं. आणि स्वतःवर वेळ आली तर ठाण्यातून 'गहाळ' असा दाखला घेऊन परत येऊ नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की गुन्हा दाखल करणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013लाच सांगितलं. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर हद्द कोणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते. मोटारीचं बिल सापडत नसेल तरी चालतं. बिल हा पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो, गुन्हा दाखल करायची ती अट नाही.